डबाभर ऑर्व्हल

ऑर्व्हल गेला, पण संपला नाही. मरताना त्याने बायकोला, लव्होनला, बजावलं होतं, "मला पुरू नको. जाळ, आणि माझी राख माझ्याच रिव्हॉल्व्हरमधून उडव. तुझ्या हाताने."

रिव्हॉल्व्हर म्हणजे जुन्या बनावटीची नक्कल. फिरत्या चक्रीच्या प्रत्येक घरात आधी बंदुकीची काळी दारू, तिच्यावर चिमूटभर रवा, मग शिशाची गोळी, वरून चरबी. आमच्या मिझुरीतल्या क्लबात सगळे असंच भरतात. आता रव्याच्या जागी ऑर्व्हल घालायचा, एवढाच फरक.

लव्होनला या छंदाचा जन्मभर तिटकारा. ऑर्व्हल रिव्हॉल्व्हर तिच्याच भांड्यांबरोबर घासायचा आणि तिच्याच ओव्हनमध्ये वाळवायचा. तिच्या बिस्किटांना गंधकाचा वास यायचा, आणि आम्ही निमूटपणे खायचो. फ्लोरिडात तिची थोरली बहीण नेडीन खोली तयार ठेवून बसली होती. नवरा संपला की निघायचं, असं ठरलं होतं. पण माणूस जाळला तरी डबाभर उरतो, आणि एका बारात जेमतेम चिमूटभर जातो.

पहिला बार तिने डोळे मिटून काढला. धूर सगळा तिच्याच तोंडावर आला. "मेला तरी अंगावर येतोय," ती म्हणाली. गोळी डावीकडे गेली. ऑर्व्हलचीही तिकडेच जायची, म्हणून आम्ही तिला बोल लावला नाही.

मग काय झालं देव जाणे, ती दर शनिवारी यायला लागली. बार पेटवणारी तांब्याची टोपी फुटून चक्रीत अडकली की शिव्या घालत काढायची. शरदातल्या स्पर्धेत तिने नेमाची सगळी लोखंडी ताटं वाजवली, जे ऑर्व्हलला कधी जमलं नाही. बक्षिसाचा हॅम कोणाच्या नावावर लिहायचा यावरून आमच्यात चांगलीच जुंपली. शेवटी दोघांच्या नावावर लिहिला.

डब्याचा तळ मात्र दिसेना. मी तिच्या शेजारी उभा राहून भरतो, त्यामुळे मला दिसत होतं. ऑर्व्हल दिवसेंदिवस गोरा होत चालला होता. मी तोंड उघडलं नाही.

वसंतात नेडीन स्वतःच गाडी घेऊन थेट मैदानावर आली. तिने डबा उघडून पाहिला आणि क्लबाचा अध्यक्ष म्हणून मला पुढे बोलावलं. देवाला स्मरून सांगा, म्हणाली, यात माझा मेव्हणा आहे की नाही?

लव्होन पाठमोरी उभी होती. तिचे हात थांबले होते. मी चिमूट उचलून बोटांत चोळली. शुद्ध रवा. ऑर्व्हल कधीच संपला होता. तो माझा मित्र होता.

"ऑर्व्हलच आहे," मी म्हणालो. "आणि बराच उरलाय."

नेडीनचे डोळे भरले. ती डब्यावर वाकली आणि हळूच म्हणाली, "लग्नात मी तुला दळभद्री म्हणाले होते रे. मनावर घेऊ नकोस." मग ती एकटीच फ्लोरिडाला परत गेली.

लव्होनने डबा माझ्यापुढे धरला.

"घे, तुझ्याही बारात थोडा घाल," ती म्हणाली. "त्याला तू आवडायचास."

मी घातला.