काकांचा देवाशी अबोला

बस डेपोतल्या सगळ्यात जुन्या ड्रायव्हरला सगळे नुसतं ‘काका’ म्हणत. सव्वीस वर्षं रोज पहाटे गाडी सुरू करण्याआधी त्यांचं एकच वाक्य ठरलेलं, “ये रे बाबा, बस शेजारी.” हे देवाला. आता देव बसायचा कुठं, हा कंडक्टरचा प्रश्न. कारण ड्रायव्हरशेजारी होतं फक्त इंजिनाचं झाकण, आणि ते तव्यासारखं तापायचं.

“त्याला चटका बसत नाही,” काका म्हणत. “तू तिकिटं फाड.”

ड्रायव्हरांचे डोळे दर वर्षी तपासत. काकांना तीन वर्षांपासून लांबचं अंधूक दिसत होतं. पण चष्मा लागला की ड्रायव्हर संपला, अशी त्यांची पक्की समजूत. त्यावर त्यांनी तोड काढली होती. तपासणीच्या खोलीत अक्षरांचा एकच पिवळट तक्ता कैक वर्षं टांगलेला होता. तो त्यांनी पाठ करून टाकला. पाठांतर ही त्यांची जुनी विद्या. डेपोतल्या एकूण एक गाड्यांच्या वेळासुद्धा त्यांना झोपेतून उठवून विचाराव्यात.

यंदा तपासणीच्या सकाळी त्यांनी शेजारच्या देवाला बजावलं, “आजचं तेवढं सांभाळून घे.”

डॉक्टरीणबाई नव्या होत्या. काका खुर्चीत बसले, तळहातानं एक डोळा झाकला आणि खणखणीत आवाजात सुरू झाले. पाठ असलेलं माणूस बघून थोडंच म्हणतो? चौथ्या ओळीला बाईंनी पेन खाली ठेवलं.

“काका, हे कुठलं वाचताय?”

“समोरचं.”

“समोर आकडे आहेत. अक्षरांचा तक्ता मी मागच्या आठवड्यात काढला.”

त्याच दुपारी गाडी काढून घेतली गेली आणि मोठ्या दवाखान्यात जायची चिठ्ठी हातात पडली. तिथला नंबर तीन आठवड्यांनी. काका घरी पोचायच्या आत डेपोत त्यांचं ‘तोंडपाठ’ असं बारसंही उरकलं होतं.

“सांग तुझ्या देवाला,” जेवताना ते काकूंना म्हणाले, “सव्वीस वर्षं फुकट फिरवला त्याला. एका सकाळचं काम सांगितलं, तर ही तऱ्हा.”

“त्याच्या मनात काहीतरी असेल.”

“असेल तर बोर्डावर लावावं. साधी ड्यूटी बदलली तरी आमच्याकडे आदल्या दिवशी कागद लागतो.”

“मी निरोप पोचवणार नाही. तुमचं भांडण, तुम्ही निस्तरा.”

म्हणून काकांनी देवाशी अबोला धरला. पहाटे सवयीनं जाग यायची. भिंतीकडे तोंड करून चहा प्यायचे, पण चकार शब्द नाही. एकदा हातातून कप सुटला आणि “अरे देवा” निघून गेलं. लगेच काकूंकडे वळून म्हणाले, “हे धरू नको म्हणावं.”

मोठ्या दवाखान्यात त्यांचं डोकं एका यंत्रात अडकवलं. ठिपका चमकला की बटण दाबायचं. काका बाहेर आले ते तक्रार घेऊनच. “यंत्र बिघडलंय. मधेच दिवे लागायचे बंद होतात.”

यंत्र ठणठणीत होतं. डॉक्टरांनी कागद पुढे केला. त्यावर डावीकडची कड काळी झाली होती.

“अक्षरं अंधूक दिसतात ते किरकोळ, चष्म्यानं भागेल. पण हा काचबिंदू आहे. दुखत नाही, खुपत नाही, गुपचूप कडेनं नजर खात येतो. दोन वर्षांनी आला असतात, तर काकूंचा हात धरून आला असतात.”

काकांनी कागद उलटसुलट करून पाहिला. “आणि आता?”

“गेलेलं परत येणार नाही. उरलंय ते बरंच आहे, आणि रोज थेंब घातलेत तर बहुतेक टिकेल. गाडी मात्र नाही.”

बाहेरच्या बाकावर काका काकूंशेजारी येऊन बसले. वर्षभरात डावीकडचा आरसा दोनदा फुटला होता. दोन्ही वेळा त्यांनी खांबाला शिव्या घातल्या होत्या. “हा कुठून उगवला,” असं कितीदा म्हणाले होते ते. सगळे डावीकडूनच उगवलेले. आणि गाडीची दारं डावीकडे, माणसं चढायची डावीकडून. त्यांनी एकेक प्रसंग आठवून पाहिला. एकालाही खरचटलं नव्हतं. कितीतरी दिवसांनी त्यांना पोटभर श्वास आला.

“त्या दिवशी मी पास झालो असतो तर...” ते म्हणाले.

‘मी म्हटलं नव्हतं का’ म्हणायची आयती संधी काकूंनी लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच सोडली. नुसती चष्म्याची चिठ्ठी पदराच्या गाठीला बांधून ठेवली.

महिन्याभरात साहेबांनी काकांना डेपोच्या चौकशी खिडकीवर बसवलं. सगळ्या गाड्यांच्या वेळा पाठ असलेला दुसरा माणूस होता कुठं? कंडक्टर पहिल्याच सकाळी डोकावला. “काय तोंडपाठ, इथला तक्ता बदलला तर नाही ना?”

“तू तिकिटं फाड,” काका म्हणाले.

तो गेल्यावर त्यांनी कोपऱ्यातलं रिकामं स्टूल ओढून घेतलं, त्यावरची धूळ झटकली, जरा घुटमळले.

“ये रे बाबा,” ते हळूच म्हणाले, “बस शेजारी. इथं चटका नाही.”

खिडकीबाहेरची पिशवीवाली बाई दचकली. “मला म्हणालात?”

“नाही हो,” काका म्हणाले. “तुम्ही सांगा, कुठं जायचंय?”