लाल चांदणीचा चौकोन

आमच्या धाकट्या भावजींइतका नीटनेटका पसारा घालणारा माणूस आचऱ्यापासून मालवणापर्यंत दुसरा झाला नसेल. मुंबईच्या एका कंपनीचं मासिक होतं, कागदाचं नव्हे, मोबाईलवर वाचायचं. जेवणखाण, कपडे, घर सजवणं, फिरणं असं सगळं त्यात यायचं. भावजी त्यात लिहीत नसत. मथळा कुठे घालायचा, फोटो कुठे, कोणी लिहायचं, कोणी तपासायचं, कोणाच्या हुकमाने लेख बाहेर जायचा, ही सगळी मांडणी ते आमच्या पडवीत बसून संगणकावर करून द्यायचे. मला काही कळेना तेव्हा म्हणाले, "वयनी, हळदीच्या डब्यात मिरची घातलंस तर चलात? नाय ना? मग मी तेंका नुसते डबे लावन दितंय."

डबे लावायची ही खोड कामापुरती राहिली नाही. प्रत्येक लेखाला दोन-चार शब्द चिकटवून ठेवायचे, म्हणजे शोधणाऱ्याला तो सापडतो, असं त्यांच्या कामात होतं. एका मे महिन्यात त्यांनी घरभर चिठ्ठ्या डकवल्या. कोकमाच्या आगळावर 'आंबट, लाल, उन्हाळा'. सासूबाईंच्या तपकिरीच्या डबीवर 'आई, शिंका, लपवलेली'. दुपारी माझ्या पाटावर चिठ्ठी होती, 'वयनी, रांधप, गप्प'. जेवणालाही तीच शिस्त. मी रांधायचं, सासूबाईंनी चाखून पास करायचं आणि भावजींनी 'प्रकाशित' म्हटल्याशिवाय कोणी ताटाला हात लावायचा नाही. सासूबाई म्हणायच्या, "माज्या घरात माका जेवूक तुजी परवानगी व्हयी काय रे मेल्या?"

नवीन काही सुरू करायचं झालं की मात्र हा शिकलेला माणूस संगणकापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घाली. "बा देवा म्हाराजा, आज ह्या काम सुरू करतंय, तेच्यात काय चूकभूल झाली आसात तर पदरात घे. लाईट जावंक देव नको आणि मुंबैवाल्यांका सुबुद्धी दी रे म्हाराजा." गाऱ्हाण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणणारं कोणीतरी लागतं. हे शेतात, सासूबाई देवळात, म्हणून ते काम माझ्याकडे. मी दाराआडून हळूच म्हणायची. ते म्हणत, "मोठ्यान म्हण गो. देवाक आयकाक येवंक नाय." मला मोठ्याने कधी जमलंच नाही.

एकदा त्यांनी मला बांगड्याचं तिखलं कसं करते ते लिहून मागितलं. मी चौथीपर्यंत शिकलेली. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर लिहिलं, लाजतच दिलं. 'तिरफळं शेवटी घालावीत, आधी घातली तर रुसतात' ही ओळ त्यांनी तीनदा वाचली. मग सगळं संगणकात भरलं आणि मला बोलावलं. खाली एक चौकोन रिकामा होता, त्याच्या बाजूला लाल चांदणी. "हय तुजा नाव घाल." मी म्हटलं, "नाव नको. नुसतं जाऊ दे." ते म्हणाले, "लाल चांदणी म्हणजे चौकोन भरूकच व्हयो. नायतर मशीन पुढे सोडणा नाय. मी काय करू?" मी सासूबाईंचं नाव घाला म्हटलं, तर "लिवलंस तू" एवढंच बोलले. लेख तसाच मसुद्यात पडून राहिला. महिन्या दोन महिन्यांनी विचारत, "वयनी, चौकोन भरूया?" मी म्हणे, "बघूया."

मग त्यांच्या पोटात गाठ निघाली. गोव्याच्या इस्पितळात मी डबा घेऊन गेले की औषधांच्या बाटल्यांवरही चिठ्ठ्या दिसायच्या, 'कडू, सकाळ, नर्स रागीट'. शेवटच्या खेपेला बोलायचं त्राण नव्हतं. त्यांनी बोटाने हवेत चौकोन काढला. मी मान खाली घालून म्हटलं, "बघूया." चार दिवसांनी ते गेले. सासूबाई आता कोणालाच मेल्या म्हणत नाहीत.

गेल्या आठवड्यात कंपनीतून फोन आला. भावजींच्या जागी आलेला मुलगा होता, शुद्ध बोलणारा. "काकी, जुने मसुदे आज काढून टाकतोय. एक तुमचा आहे. त्यात या नंबरची नोंद होती, म्हणून विचारलं." मी कशीबशी म्हणाले, नावाशिवाय तो जात नाही. तो म्हणाला, "ती अट मी आत्ता काढतो. आमच्याकडे नावाची सक्ती कुठेच नाही. सरांनी 'घरचं' म्हणून वेगळा विभाग केलाय, त्यात हा एकच लेख. ती चांदणी फक्त तुमच्यापुरतीच लावलेली दिसते."

म्हणजे मशीन ऐकत होतं. भावजीच ऐकत नव्हते.

मी त्याला पाच मिनिटं थांबायला सांगितलं. पडवीतल्या संगणकावर कापड घातलं होतं, ते काढलं. पुढे नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं, येईल तसं. मग फोन करून म्हटलं, चांदणी असू दे, आणि माझं पूर्ण नाव सांगितलं. लग्नापासून त्या नावाने मला फक्त रेशनच्या दुकानात हाक मारतात. तो म्हणाला, "गेलं काकी. प्रकाशित."

फोन ठेवल्यावर आठवलं, गाऱ्हाण्याला उत्तर द्यायचं राहिलं होतं. घरात कोणी नव्हतं. मीच म्हटलं, व्हय म्हाराजा. त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं.