आधी वास घे

"आधी वास घे," ते म्हणायचे. पेला नाकाशी धरून क्षणभर थांबायचे, आणि पहिल्या घोटाआधी वाढणाऱ्याला विचारायचे, "कुणी बनवली?"

नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनच्या ऑफिसात आमची टेबलं शेजारी होती. ते माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, मूळचे इचलकरंजीचे. मी नवा, बायको अजून पुण्यात, सुटीचे दिवस अंगावर यायचे. एका शुक्रवारी त्यांनी सायकल घेतलीस का म्हणून विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही कालव्याकाठच्या वाटेनं निघालो.

आसपासच्या गावांत लहान लहान ब्रुअऱ्या होत्या. एक जुन्या गोठ्यात, एक बंद पडलेल्या शाळेत. तिथली बियर तिथंच बनायची आणि तिथंच संपायची. त्यांचं डच माझ्याइतकंच मोडकं, पण बनवणाऱ्याला ते सोडत नसत. सातू कुठला, यीस्ट कुठलं, पिंपात किती दिवस ठेवता? गोठ्यातल्या ब्रुअरीच्या म्हाताऱ्या मालकानं एकदा वैतागून त्यांच्या हाती फावडं दिलं आणि उकळलेल्या सातूचा चोथा उपसायला लावला. हे तासभर उपसत होते. येताना वाटभर त्याबद्दलच बोलणं.

प्यायचे मात्र एकच पेला. असं हात आखडून पिणारं माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. मला वाटायचं, तब्येतीला जपतात.

खरं कारण शाळेतल्या ब्रुअरीत कळलं. शेजारच्या टेबलावर एक आजोबा, त्यांची लेक आणि नात बसले होते; नातीपुढं सफरचंदाचा रस. हे बराच वेळ तिकडे बघत राहिले. मग सांगू लागले. वडील यंत्रमागावर कामाला होते, दारूनं गेले. संध्याकाळी गुत्त्यावरून त्यांना धरून घरी आणायचं काम यांच्याकडे. पंचेचाळिशीपर्यंत यांनी थेंबाला हात लावला नव्हता.

"बाबांनी कधी चव घेतली नाही रे," ते म्हणाले. "नुसतं गिळलं. इथं लोक पितात आणि तरी माणसांत राहतात. ते कसं जमतं, ते मला बघायचं होतं."

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या घशात गाठ निघाली. हाउसआर्ट्सनी, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरांनी, लगेच हॉस्पिटलात पाठवलं. उपचारांत चव गेली, वास गेला; गाठ गेली नाही. उन्हाळा संपायच्या आत ते गेले.

त्याआधी एका शनिवारी सकाळी त्यांचा फोन आला. गोठ्यातल्या म्हाताऱ्याकडे नेशील का, एवढंच विचारलं. मी गाडी काढली. वहिनी पहिल्यांदाच बरोबर आल्या. तिथं यांनी एक पेला मागवला आणि माझ्यापुढं सरकवला.

"तू घे. मला सांग."

मी आधी वास घेतला, मग एक घोट. शेवटी म्हणालो, भाकरीचा करपलेला पापुद्रा असतो ना, तसं काहीतरी. मागून जरा कडू. वहिनींनी माझ्या हातून पेला घेतला, एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं.

"करपलेला नाही," त्या म्हणाल्या. "खरपूस."

ते हसले. "आता कळलं," म्हणाले.

म्हातारा लांबून बघत होता. त्यानं जवळ येऊन यांच्या दंडाला धरलं आणि आतल्या खोलीत नेलं, जिथं टाक्यांमध्ये बियर आंबत होती. त्यानं स्वतः एका टाकीला कान लावला आणि यांना खूण केली. यांनीही लावला. आत बुडबुडे फुटत होते, अगदी बारीक, न थांबता. खोली इतकी शांत की दारातून आम्हालाही ऐकू येत होते.

म्हातारा थोड्या वेळानं बाजूला झाला. ते तसेच उभे राहिले, गाल टाकीला टेकवून, दोन्ही हात तिच्याभोवती पुरतील तेवढे टाकून.