गावंडे मॅडमचा शिक्का

गावंडे मॅडम जेवायला बसल्या तरी कमरेची दोरी सोडत नसत. तिला बोटाएवढा पोलादी शिक्का बांधलेला असे, त्यावर एक आकडा, सत्तावीस. आम्ही कारखान्यात तोफगोळ्यांची कवचं बनवत होतो आणि तो सत्तावीस ठोकल्याशिवाय एकही कवच फाटकाबाहेर जात नसे. बाई संरक्षण खात्याच्या तपासणी विभागात होत्या. शहरातल्या बेसा वस्तीतून स्कूटीवर येत. बोलणं मात्र माहेरच्या खापा गावचं.

मी तेव्हा नवा अधिकारी. नोकरी कायम व्हायला महिना उरलेला, आणि नेमका महिनाअखेरीचा माझा माल मॅडमनी अडवून धरला. मी तावातावाने गेलो आणि महाव्यवस्थापकांना सांगेन अशी धमकी दिली. त्या डबा उघडत होत्या. शांतपणे म्हणाल्या, सांग की, पण ते तुझे साहेब, माझे नाहीत. कारखाना आणि तपासणी दोन्ही एकाच खात्याची, पण दोघांचे वरिष्ठ वेगळे, कागद वेगळ्या वाटेने दिल्लीला जातात. हे मला प्रशिक्षणात शिकवलं होतं. मी पाठ करून विसरलो होतो.

"रांधणारीले आपलं मीठ बरोबरच वाटते गा," त्या म्हणाल्या. "म्हणून चाखाले दुसरी ठेवली सरकारनं."

मग त्यांनी माझं गेज मागितलं. गेज म्हणजे एक पोलादी कडं. कवच त्यातून गेलं तर माप बरोबर. वापरून वापरून कडं आतून झिजतं आणि अडायला हवं तेही सुखाने जातं, म्हणून ठरलेल्या तारखेला ते तपासायला पाठवावं लागतं. माझ्या कड्याची तारीख उलटली होती. मला ते माहीत होतं. पाठवलं असतं तर चार दिवस काम थांबलं असतं, म्हणून मी गप्प बसलो होतो. मॅडमनी कपाटातून आपलं कडं काढलं. माझ्या कड्यातून गेलेलं तिसरंच कवच त्यात अडकलं. तोफेच्या नळीतही ते असंच अडकलं असतं.

मी अक्षरशः हात जोडले. यंत्र बिघडलं असं लिहा, गेजचं नाव काढू नका. त्यांनी आधी विचारलं, जेवलास का? अर्धी भाकर माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाल्या, तू कायम व्हावं असं मलेबी वाटते, पण गेजचं तूच लिहून दे. मी चिडून विचारलं, तुमचं कोणी आहे का सैन्यात?

"कोणीच नाही. ओळखीचा असता तर फोन करून सांगितलं असतं, जपून वापर म्हणून. तिथं तोफेपाशी कोण उभा राहते, मले त्याचं नावबी माहीत नाही. म्हणून तर पाहा लागते."

मी लिहून दिलं. सगळा माल परत आला आणि माझं कायम होणं वर्षभर लांबलं. कित्येक महिने मी त्यांना नमस्कारही केला नाही. आज त्याची लाज वाटते. त्या मात्र रोज माझ्या टेबलाशी थांबत, कडं उचलून तारीख वाचत आणि पुढे जात. त्या वर्षात मी कामाला लागलो असं म्हणायला हरकत नाही.

परवा त्या निवृत्त झाल्या. जाणाऱ्याचा आकडा साक्षीदारासमोर कानशीने घासून टाकतात, मागे कोणी तो वापरू नये म्हणून. त्यांच्या विभागात माणसं होती, तरी त्यांनी मला बोलावून घेतलं आणि कानस हातात दिली. दोन गेला, सात गेला. माझे डोळे भरून आले होते.

"वाच. दिसते का काही?"

नाही, मी म्हणालो.

त्यांनी पर्समधून भिंग काढलं, शिक्का खिडकीशी नेऊन उलटसुलट पाहिला आणि माझ्याकडे परत दिला.

"साताची शेपटी दिसून राहिली गा. घास अजून."