कोल्ह्याला मीठ

जपानात सेंदाईला मुलाकडं आलो आणि पहिले कितीतरी दिवस सोफ्यावर काढले. सोफा चांगला होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण माणसाला सोफ्यावर ठेवून दिलं की तो हळूहळू उशीसारखा दिसायला लागतो. मुलगा सकाळी कॉम्प्युटरसमोर बसायचा तो अंधार पडल्यावर उठायचा. सून अर्धा दिवस जेवणाचे डबे विकणाऱ्या एका दुकानात कामाला जायची. मी खिडकीतनं बर्फ बघायचो. बर्फ एकदा बघितला की बघून होतो, लोक त्याचं उगाच कौतुक करतात.

एका शनिवारी सून मला गाडीत घालून डोंगराकडं घेऊन गेली. तिथं रस्त्याच्या कडेला एका शेतकऱ्याचं पत्र्याचं दुकान होतं, ताजी भाजी मिळायची. ती मुळे निवडत बसली आणि मला वास आला.

तोवर जपानात मला कसलाच वास आला नव्हता. या लोकांनी सगळा देशच धुऊन वाळत घातलाय. पण हा वास मी गाढ झोपेतसुद्धा ओळखीन. कच्चं कातडं. आमच्याकडं बापजाद्यांपासून कातडी कमवायचा धंदा. शाळेनं मला चौथीत सोडलं आणि बापानं चुन्याच्या हौदावर उभं केलं. मुलगा इथं लोकांना सांगतो, "बाबा लेदर इंडस्ट्रीत होते." इंडस्ट्री कसली, गुडघाभर चुन्यात उभा होतो मी! पण उभा होतो, कुणाच्या बापाची चाकरी केली नाही.

वासामागं दुकानाच्या पाठीमागं गेलो. तिथं एक शेड, शेडमध्ये तिरका लावलेला गुळगुळीत ओंडका, ओंडक्यावर उलटं घातलेलं कोल्ह्याचं कातडं, आणि दोन मुठींची सुरी घेऊन वाकलेला माझ्याच वयाचा एक म्हातारा. सुरी अगदी माझ्या बापाची. इतक्या लांब येऊन आपली सुरी बघितली तर कुणाला राहवेल? म्हाताऱ्याचं उजवं मनगट सुजलेलं, त्याला पट्टा बांधलेला. एका हातानं खरवडत होता, म्हणून सुरी मध्येच उडी मारत होती.

मी मराठीत म्हणालो, "अहो, भोक पाडाल."

त्यानं जपानीत काहीतरी म्हटलं. 'कोण हे ध्यान' असणार. मी हात पुढं केला. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा आपल्या मनगटाकडं, आणि सुरी दिली. सून मुळे घेऊन आली तेव्हा मी कोटाच्या बाह्या वर करून ओंडक्यावर पोट टेकवलं होतं.

"आबा! अहो, हे काय?"

"कोल्हा," मी म्हणालो. "याला विचार, उद्या येऊ का."

म्हातारा शिकारी होता. थंडीत परवान्यानं सापळे लावायचा, बाकी वर्षभर मुळे. मोसम संपला की एक व्यापारी येऊन कातडी घेऊन जायचा. असे व्यापारी आता फारसे उरले नाहीत, असं सुनेनं मला सांगितलं. मला तो 'इंदो-सान' म्हणायला लागला, म्हणजे भारतराव. मी त्याला म्हातारा म्हणायचो. सून ते 'ओजीसान', म्हणजे आजोबा, करून सांगायची.

आता यातली गंमत ऐका. जन्मभर मी कातड्यावरचे केस काढले. बकऱ्याचं कातडं आलं की मीठ, मग चुना, मग केस खरवडून गटारात. केस म्हणजे आमचा शत्रू. आणि इथं सगळी किंमत केसांचीच! कातडं बिचारं केसांना धरून ठेवायला. आतनं चरबी आणि मांस काढायचं, पण सुरी जरा खोल गेली की केसांची मुळं तुटतात आणि वरनं पुंजके गळतात. मग शेपटीतलं हाड ओढून काढायचं, शेपटी खालनं चिरायची, नाहीतर आत सडते. रक्ताचा डाग थंड पाण्यानं पुसायचा, लाकडाचा भुसा चोळून तेल काढायचं, केसांत अडकलेले काटे एकेक वेचायचे, मग फणी. माझ्या लेकीची वेणी मी कधी घातली नाही. कोल्ह्याची घातली.

एवढं सगळं मी मुकाट ऐकलं. भांडण झालं ते मिठावरनं.

खरवडून झाल्यावर म्हातारा कातडं लांबट फळीवर मोज्यासारखं चढवायचा आणि नुसतं वाऱ्यावर ठेवून द्यायचा. मीठ नाही. बिनमिठाचं कातडं! आमच्यात असं कुणी केलं असतं तर बापानं त्यालाच हौदात घातलं असतं. मी सुनेला म्हणालो, "सांग त्याला, मीठ लाव. आंबेल."

ती बोलली. तो "दामे, दामे" म्हणाला. नाही म्हणजे नाही, हे मला एव्हाना कळायला लागलं होतं.

"का नाही?"

"ते म्हणतात, हरणाला मीठ चालतं, रानडुकराला चालतं. कोल्ह्याला नाही. विकायचा कोल्हा कोरडाच लागतो."

"कोल्हा काय वेगळा जन्माला आला काय?"

"आबा, हे मी विचारणार नाही."

पुढच्या वेळी मी खिशातनं मिठाची पुडी घेऊन गेलो. म्हाताऱ्यानं ती घेतली, नीट उघडली आणि माझ्यासमोर मुळ्याच्या लोणच्याच्या पिंपात ओतली. मग मला लोणचं खायला दिलं. चांगलं होतं, ते मी त्याला सांगितलं नाही.

संक्रांतीला इथल्या मराठी लोकांनी एक हॉल घेतला होता. तिळगूळ, हलवा, काळ्या साड्या. एका बँकेतल्या साहेबांनी मला प्रेमानं विचारलं, "काका, वेळ कसा जातो?"

"कोल्हे सोलून," मी म्हणालो. खरं तर सोलायचा म्हाताराच, मी खरवडायचो. पण सणाच्या दिवशी एवढ्या बारकाव्यात कोण जातो?

साहेबांनी तिळगुळाचा हात मागं घेतला.  घरी येताना मुलगा गाडीत म्हणाला, "बाबा, तो म्हातारा सभ्य आहे म्हणून सहन करतोय. इथले लोक तोंडावर नाही म्हणत नाहीत."

"मला रोज म्हणतो."

"पुढच्या हिवाळ्यात आलात तर घरी राहायचं. टीव्हीवर मराठी चॅनल लावून देतो."

 तीन महिन्यांचा व्हिसा निम्मा संपला होता. मला पुन्हा यायचं होतं, पण मुलासाठीही नाही आणि बर्फासाठी तर नाहीच. मला त्या ओंडक्यावर पोट टेकवायचं होतं. गावी आमचे हौद केव्हाच बुजवलेत, वर मोबाइलचं दुकान आहे.

मी दुसऱ्याच दिवशी सुनेला घेऊन म्हाताऱ्याकडं गेलो. सापळ्यात दोन कोल्हे मिळाले होते. मी म्हणालो, "एक तुझ्या पद्धतीनं, एक माझ्या. व्यापारी सांगेल."

म्हाताऱ्यानं दाढी खाजवली आणि सुनेला काहीतरी सांगितलं. सून म्हणाली, "ते म्हणतात, तुमचं कातडं व्यापाऱ्यानं घेतलं तर पुढच्या मोसमात या. नाही घेतलं तर ओंडक्याला हात लावायचा नाही. आबा, नको ना. हरलात तर?"

"मीठ कधी हरतं काय?"

त्यानं त्याचा कोल्हा दुखऱ्या हातानं स्वतः खरवडला, हट्टानं. मी माझा खरवडला, मूठ भरभरून मीठ चोळलं, ते भिनल्यावर झटकलं आणि फळीवर चढवलं. दोन्ही फळ्या शेजारी टांगल्या. मी रोज सुनेच्या मागं लागायचो. ती म्हणायची, "आबा, गाडी पाण्यावर चालत नाही," आणि किल्ली उचलायची.

व्यापारी आला त्या दिवशी नेमका पाऊस. बर्फ वितळून सगळीकडं चिकचिक, हवा ओल्या घोंगडीसारखी. व्यापारी लहानखुरा, हातमोजे घातलेला माणूस. त्यानं आधी म्हाताऱ्याचं कातडं उचलून हलवलं. ते पापडासारखं वाजलं. मग माझं हलवलं.

माझं वाजलं नाही. हवेतलं सगळं पाणी त्यानं पिऊन घेतलं होतं, फडक्यासारखं लोंबत होतं.

व्यापाऱ्यानं हातमोजा काढला, आतल्या बाजूवर बोट फिरवलं, बोट जिभेला लावलं आणि म्हणाला, "शिओ."

मीठ. एवढं जपानी मला ती मिठाची पुडी विकत आणली तेव्हापासनं येतं. म्हातारा जो हसायला लागला तो खोकेपर्यंत हसला. व्यापाऱ्यानं माझं कातडं बाजूला ठेवलं. सुनेनं माझी बाही धरली. मी समोरच्या ओंडक्याकडं बघत उभा राहिलो.

व्यापारी मात्र अजून थांबला होता. त्यानं म्हाताऱ्याचं कातडं फिरवून उजेडाला धरलं. दोन ठिकाणी सुरी लागलेली, वरनं केस गळायला लागले होते. मग माझं पुन्हा उचललं, तसंच धरलं, फुंकर मारून केस उलटेपालटे केले. कुठं एक पुंजका सुटला नाही. तो म्हाताऱ्याला काहीतरी बोलला आणि म्हाताऱ्याचं हसू गेलं.

"काय म्हणतो?" मी विचारलं.

सून हळू आवाजात म्हणाली, "ओजीसानांचं कमी भावात घेतो म्हणतात. तुमचं घेत नाहीत. पण विचारतायत, हे खरवडलं कुणी."

म्हाताऱ्यानं माझ्याकडं बोट केलं. करावंच लागलं त्याला. व्यापारी गेल्यावर तो कितीतरी वेळ मनगटाचा पट्टा सोडत आणि बांधत बसला. मग सुनेशी बोलला, माझ्याकडं न बघता.

"आबा, ते म्हणतात, बर्फ पडायला लागला की या. हात आणा. मीठ आणू नका."

"त्याला सांग, येतो. आणि सांग, मीठ बरोबरच होतं, तुझी हवा चुकीची आहे."

 सुनेनं काय सांगितलं कुणास ठाऊक, पण म्हातारा उठला, लोणच्याच्या पिंपातनं एक मुळा काढला आणि माझ्या हातात दिला. मी तिथंच उभ्यानं खाल्ला. सगळं माझंच मीठ.