मावशीची मूठ

गेल्या महिन्यात सुरतहून काकांचा फोन आला. सुमनमावशी दुपारी जेवून पडली ती पडलीच, उठली नाही. तिने आयुष्यात एवढं शांतपणे दुसरं काही केल्याचं मला आठवत नाही…

नव्वदच्या दशकात मी शिकायला तिच्याकडे सुरतेतल्या लिंबायतला राहत होते. ती घरबसल्या साड्यांवर मणी-टिकल्या लावायची. कोपरांवर, डोक्यात सोरायसिसचे खवले. त्यांना ती तिच्या बोलीत ‘मनं नक्षीकाम’, म्हणजे माझं नक्षीकाम, म्हणे. एका हिवाळ्यात तिच्या हातून सुई निसटू लागली. दोष अर्थात सुईचा. तिने दुकानं बदलली, दुकानदारांशी भांडली आणि सुरतेत चांगली सुईच मिळत नाही, असं जाहीर केलं.

खवल्यांचं मलम संपलं म्हणून मी तिला दवाखान्यात नेलं. त्वचेच्या डॉक्टरीणबाई मराठी निघाल्या, त्यामुळे कळलं नाही म्हणायची सोय उरली नाही. त्यांनी विचारलं, “सकाळी बोटं आखडतात का? टाच दुखते?”

“तुम्ही चामडीच्या ना? मंग हाडांच्या चौकशा कशाले?”

“या आजारात काहींचे सांधेही धरतात. म्हणून सगळ्यांनाच विचारते. मूठ वळा बघू.”

मावशीने पदराखाली मूठ वळली. बाईंनी पदर बाजूला केला. मूठ अर्धीच वळली होती आणि एक बोट चांगलंच सुजलं होतं.

“आमच्या घराण्यात बोटं जाडच असतात,” मावशी म्हणाली.

बाईंनी तिचा दुसरा हात शेजारी ठेवला. “मग हा कोणत्या घराण्यातला?”

मावशीने दोन्ही हात पदराखाली ओढून घेतले. परतताना रिक्षात ती हळूच म्हणाली, “बोटं वाकडी झायात तं मी काय करसू वं?”

औषध वेळेवर सुरू झालं. ते एक बोट जरासं वाकडं राहिलं, बाकीची वाचली. सुयाही सुधारल्या.

पुढे मात्र कुणाच्या अंगावर खवले दिसले की मावशीची तपासणी सुरू. माझ्या ताईच्या लग्नात नवरदेवाच्या वडिलांचं कोपर दिसताच तिने भर पंगतीत विचारलं, “व्याही, सकायले मूठ वळस का?” हे भांडणाचं आमंत्रण समजून ते बाह्या सरसावत उठले. त्यामुळे तिला दुसरं कोपरही नीट बघता आलं. पुढच्या आठवड्यात ती त्यांना घेऊन दवाखान्याच्या रांगेत उभी होती. त्यांचे सांधे ठीक निघाले. मावशीला जरा वाईटच वाटलं.

परवा सुरतेला जाऊन आले. खिडकीपाशी लाकडी चौकटीवर तिची अर्धी भरलेली साडी अजून ताणलेली आहे. व्यापाऱ्याचा माणूस ती न्यायला आला, तेव्हा मावशी जरा बाहेर गेलीय, असं काकांनी सांगितलं. हाच माणूस मावशीला पोचवायला स्मशानात आला होता.

“घाई नाही,” तो म्हणाला. “मावशी आल्या की येतो.”