तपासणीआधीचा सोमवार

देवावर माझा विश्वास उरला नव्हता, हे आधीच कबूल करते. वडील गेले तेव्हा मी नववीत होते. त्यांचे हातपाय आपोआप फेकले जायचे, बोलणं जड झालं होतं. गाव म्हणायचं, कुणीतरी करणी केली. पुढे तिशी ओलांडताच दादाचंही तसंच सुरू झालं. तेव्हा नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा मेंदूचा आजार वंशानं उतरतो, इलाज नाही, आणि प्रत्येक लेकराला तो येण्याची शक्यता निम्मी. "तुमचीही तपासणी करता येईल," ते मला म्हणाले. "पण करायची की नाही, हे तुम्हीच ठरवा."

माझी सोयरीक ठरली होती. दादाचं विचारलं तर आईनं मुलाकडच्यांना सांगितलेलं, लहानपणी डोक्यात ताप गेला. मला म्हणाली, "तू कायला तपासतीस? लगन होऊन जाऊ दे." गप्प बसून कुणाच्या घरात जायचं आणि पोटच्या लेकराला हे द्यायचं? पण कळलं तर जगायचं कसं? दोन महिने मी कुढत राहिले.

एका सोमवारी दादानं हट्ट धरला म्हणून आमच्या शिरड शहापूरहून त्याला औंढ्याला, नागनाथाच्या देवळात नेलं. रांगेत त्याचा हात एका माणसाला लागला. "पिऊन आला काय रे देवळात?" तो ओरडला. लोक हसले. मी मनातल्या मनात नागनाथाला शिवी दिली. गाभारा खाली तळघरात. अरुंद पायऱ्या वाकून उतराव्या लागतात. पहिल्याच पायरीवर दादाचा तोल गेला. तेवढ्यात मागून एक अनोळखी म्हातारी पुढं आली, त्याची दोन्ही मनगटं धरली आणि स्वतः पाठमोरी उतरू लागली. "म्या सांगन तवाच पाय उचल, लेकरा." दादा नीट पिंडीपर्यंत पोचला.

बाहेर आल्यावर विचारलं, तुम्हाला हे कसं जमलं?

"माझ्या मालकाला हेच व्हतं. बारा वर्सं उतरवलं."

मी तपासणीचं बोलले. ती हसली, पण ते हसू कडू होतं.

"माझ्या दोनी लेकरांनी केली. पोरीला न्हाई निघालं, पोराला निघालं. आता भाऊ बहिनीशी बोलत न्हाई."

"मग मी काय करू?"

"ते म्या काहून सांगू, बाई? पर पोरगं म्हनते, कोनाला फसवलं न्हाई, म्हून झोप येते."

मी तपासणी केली. निघालं. मुलाकडच्यांना मी स्वतः सांगितलं. चौथ्या दिवशी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. आई महिनाभर माझ्याशी बोलली नाही. दादा मात्र रडत म्हणाला, "माझ्यासारखं तुला काहून?"

ती म्हातारी पुन्हा दिसली नाही. तिला कुणी पाठवलं, यावर मी वाद घालत नाही. ती आली, त्याचे उपकार मानते. राग मात्र तसाच आहे. दर सोमवारी तो घेऊनच मी जाते. बरं कर म्हणत नाही, नवस बोलत नाही. कपाळ टेकते आणि जे साचलंय ते सांगून टाकते. नागनाथानं मला अजून एकदाही ऊठ म्हटलेलं नाही. माझी शरणागती एवढीच, आणि ती त्यानं ठेवून घेतली आहे.